दुसरा मुनवा

आमच्या गेटवरच्या पवारांना चाचांनी पक्कं सांगून ठेवलं होतं: केळीचा मुनवा परत करायला कोणी आलं, तर एकच आत घ्यायचा. मुनवा म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू. लोक चाचांकडून एक रोप उसनं नेत आणि वर्षा-दीड वर्षाने, त्या रोपाला पिल्लं फुटली की एक परत आणून देत. पण माणूस एकटा मुनवा घेऊन कधी येतच नसे. प्रेमाने दोन आणी, आणि तिथेच घोटाळा होई.

एकदा करंजाड्याचा एक रिक्षावाला आला. ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दोन मुनवे त्याने मागच्या सीटवर पॅसेंजरसारखे बसवून आणले होते. पवारांनी एक घेतला आणि दुसऱ्याला हात लावेनात. रिक्षावाला तापला, म्हणून चाचा स्वतः बाहेर आले. तो म्हणाला, "चाचा, घरचा हाय. इकत नाय आनला."

"घरचा आहे म्हणूनच घरी ने," चाचा म्हणाले. "एक नेला होतास, एक आणलास, फिटलं. हा दुसरा घेतला तर ते सूद होईल, व्याज. सूद खायचं असतं तर मी तिकडे आखातातच राहिलो असतो, चांगली एसी केबिन होती."

रिक्षावाल्याने बराच वाद घातला, मग दुसरा मुनवा उचलून पुढच्या सीटवर आपल्या बाजूला ठेवला आणि निघून गेला. चाचा आत येऊन मला म्हणाले की माणूस चांगला आहे, रागावला म्हणजे नियत साफ आहे. रागावणाऱ्या लोकांबद्दल त्यांचं मत नेहमीच चांगलं असे. माझ्याबद्दलही होतं, त्याचं कारण हेच असावं.

चाचा आता नाहीत. पण त्यांची लॅब आहे, पवार आहेत आणि एका मुनव्याचा नियमही आहे. लॅब मी चालवते.

ते मूळचे पनवेलचे, कोकणी मुसलमान. तरुणपणी आखातात गेले आणि तिथल्या एका इस्लामी बँकेत जन्म काढला. ही बँक व्याज देत नाही आणि घेत नाही, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. ठेवीदार हा तिथे ठेवीदार नसतो, भागीदार असतो. धंदा चालला तर नफ्यात वाटा, बुडाला तर तोट्यात वाटा. चाचांचं काम दरवर्षी बँकेची कामगिरी मांडण्याचं. आपल्या बँकेने भागीदारांना किती नफा दिला, शेजारच्या व्याजवाल्या बँकेने ठेवीवर किती व्याज दिलं, याची तुलना करून मोठा अहवाल लिहायचा. तो अहवाल गुळगुळीत कागदावर छापला जाई, आणि चाचांच्या म्हणण्याप्रमाणे तो वाचणारे ते एकटेच होते.

वाचता वाचता त्यांना एक गोष्ट खटकायला लागली. चांगल्या वर्षी बँक नफ्यातला थोडा भाग बाजूला दाबून ठेवायची आणि वाईट वर्षी तोच हळूच बाहेर काढून वाटायची. म्हणजे तोट्याच्या वर्षीही भागीदाराला शेजारच्या व्याजाइतकं मिळायचंच. नाहीतर तो उठून शेजारी गेला असता. "कागदावर सगळे भागीदार, मनातून सगळे ठेवीदार," असं ते सांगत. मग आवाज उतरवून म्हणत, "मॅडम, सगळी नोकरी भागीदारीच्या नफ्याचे आकडे लिहिण्यात गेली. नुकसानीत आपणहून वाटा उचलणारा एक माणूस दिसला नाही. एक जरी दिसला असता तरी अहवालात त्याचा फोटो छापला असता."

हे ते इतक्या वेळा सांगत, की मी आणि लॅबमधली सुरेखा त्यांच्या आधीच वाक्य पुरं करायचो. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

निवृत्त होऊन आल्यावर या गृहस्थांनी तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेतला आणि टिश्यू कल्चरची लॅब काढली. नातेवाइकांनी डोक्याला हात लावला. पनवेलमध्ये जो तो बिल्डर होत होता, आणि हा माणूस बाटलीत केळी लावत होता. शिवाय जागा कुठे, तर जिथे हवेला सकाळी एक वास आणि संध्याकाळी दुसरा. टिश्यू कल्चरला लागते कमालीची स्वच्छता. बुरशीचा एक कण बाटलीत गेला तरी सगळं फुकट. पण चाचांचा तर्क असा, की घाणीच्या मधोमध राहणारा माणूस दार नीट लावून घेतो. हे मात्र खरं निघालं. आमची दारं मी बघितलेल्या कुठल्याही लॅबपेक्षा घट्ट बसतात.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी., लग्नानंतर कळंबोलीत राहायला आले होते आणि तळोज्यातच एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. चाचांनी माझी मुलाखत घेतली ती गेटजवळच्या खजुराच्या रोपापाशी उभं राहून. आखातातल्या शेवटच्या दिवशी खाल्लेल्या खजुराची बी खिशातून आणून त्यांनी ती इथे ड्रममध्ये लावली होती. माझ्या कमरेएवढं झालेलं ते झाड पनवेलच्या पावसात कधी फळणार नाही हे त्यांना माहीत होतं, तरी रोज सकाळी गाडीतून उतरलं की पहिला सलाम त्याला. मुलाखतीत त्यांनी मला एकच विचारलं: नुकसान झालं तर तुम्ही काय कराल? मी म्हटलं, पगार मागेन. ते इतके खूश झाले की दुसऱ्या दिवसापासूनच या म्हणाले. निदान खोटं बोलत नाही, असं त्यांनी नंतर सुरेखाला सांगितलं.

सुरेखा आमच्याकडची सगळ्यात स्थिर हाताची मुलगी. काचेच्या कपाटातल्या स्वच्छ हवेत बसून रोपाचे तुकडे करायचे आणि बाटल्यांत लावायचे, हे तिचं काम. चाचांना त्या खोलीत मी बंदी घातली होती, कारण ते उदाचं अत्तर लावत आणि ते सोडायला तयार नव्हते. त्यामुळे मालक काचेबाहेर उभे आणि आम्ही आत, असा कारभार चाले. काचेबाहेरून ते खुणा करत. बाटलीत रोप वाढलं नाही की गाल हातावर टेकवून झोपल्याची खूण. म्हणजे हा खातेदार झोपलाय.

रसायनशास्त्र त्यांना येत नव्हतं आणि तसं ते उघड सांगत. पण त्यांनी ते आपल्या पद्धतीने समजून घेतलं होतं. बाटलीतल्या खाद्यात क्षार, साखर आणि ते जेलीसारखं घट्ट ठेवणारं अगार असतं. त्यात दोन प्रकारची संप्रेरकं घालतात. एकाने फुटवे येतात, दुसऱ्याने मुळं. पहिलं जास्त घातलं की एका रोपाची ढीगभर रोपं होतात, बघून डोळे निवतात. पण ती काचेसारखी, पाणीदार निपजतात आणि मातीत लावली की माना टाकतात. शिवाय एकाच वाणाला फार वेळा वाढवत गेलं की मूळ झाडाशी न जुळणारी भलतीच रोपं निघायला लागतात. हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा चाचा टेबलावर हात मारून म्हणाले की हेच, हेच ते चक्रवाढ व्याज. जमिनीला पाय न लावता एकाचे दोन, दोनाचे चार. त्या दिवसापासून आमच्याकडे कुठलाही वाण ठरावीक फेऱ्यांपलीकडे वाढवला जात नाही. बाजारात आमची रोपं कमी असतात आणि लोक वाट बघतात.

खाद्यात कुठलाही बदल करायचा तर बोर्ड बसे. त्यांच्या जुन्या बँकेत प्रत्येक व्यवहार धर्मशास्त्र जाणणाऱ्या लोकांच्या बोर्डापुढे जायचा, तेव्हा इथेही बोर्ड हवंच. आमचं बोर्ड म्हणजे मी, सुरेखा आणि पवार. पवारांना काय कळतं, असं मी एकदा विचारलं. चाचा म्हणाले, त्यांना काही कळत नाही आणि त्यांना ते माहीत आहे, असा एक सभासद प्रत्येक बोर्डावर पाहिजे. तिकडचं बोर्ड कधी नाही म्हणायचं नाही, ही त्यांची तक्रार. आमचं बोर्ड ऊठसूट नाही म्हणायचं आणि चाचा आनंदाने ऐकून घ्यायचे.

पैशाच्या बाबतीत मात्र ते एकटेच ठरवत. बँकेचं कर्ज त्यांनी कधी घेतलं नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारातला एक व्यापारी सुरुवातीला भागीदार झाला. दोन हंगाम बरे गेले, तो मिठाई घेऊन यायचा. मग एका पावसाळ्यात दिवस दिवस वीज गेली, रोपं सडली, तेव्हा तो येऊन म्हणाला की चाचा, नफा राहू दे, माझं मुद्दल तेवढं द्या. चाचांनी दिलं. भांडले नाहीत की सुनावलं नाही. त्याला चहा पाजला, गाडीपर्यंत सोडला, आणि परत येऊन त्या खजुराशी बराच वेळ उभे राहिले.

हिराबाई आल्या त्या यानंतर.

त्या आगरी समाजातल्या. त्यांचं गाव विमानतळासाठी उठलं होतं. मुलगा मोठ्या गाडीतून त्यांना घेऊन आला, आणि गाडीच्या मागच्या बाजूला रंगाच्या डब्यात लावलेली एक केळ होती. गाव सोडताना परसातून एकच मुनवा हिराबाईंनी उपटून आणला आणि उलव्याच्या नव्या इमारतीच्या गच्चीवर लावला. त्यांच्या सासूने लावलेली ती केळ. गावात कोणाचंही लग्न निघालं की मांडवाचे खांब हिराबाईंच्या परसातून जायचे. आता परस नव्हतं, गाव चार ठिकाणी पांगलं होतं, आणि या उरलेल्या एका रोपाची पानं शेंड्याशी गुच्छ होऊन आखडत चालली होती.

मुलगा कंटाळला होता. बाजारातून पाहिजे तेवढ्या केळी आणून देतो, असं त्याने आमच्यासमोरही सांगून बघितलं. हिराबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "बाजारान मिलल ती केल. माज्या मांडवाची नाय मिलाची."

मी पानं बघितली. तो पर्णगुच्छाचा रोग होता, विषाणूचा, आणि त्याला औषध नाही. एकच करता येतं. मुनव्याच्या गाभ्यात अगदी टोकाला वाढीचा जो कण असतो तिथे विषाणू बहुधा पोचलेला नसतो. तो कण काढून बाटलीत वाढवायचा. पण तो कण काढायचा तर मुनवा सोलत सोलत संपवावा लागतो. जगला तर कण जगला, नाहीतर काहीच उरत नाही. मी हे स्पष्ट सांगितलं, आणि जगण्याची शक्यता कमी आहे हेही सांगितलं.

हिराबाईंनी विचारलं, "म्हंजे हाय ती पन जायाची?"

मी हो म्हटलं. त्यांनी डबा दोन्ही हातांनी जवळ ओढला. मुलाने काय खर्च येईल ते बोला म्हणून चाचांना विचारलं. चाचा म्हणाले की खर्च नाही, भागीदारी. त्यांच्या बँकेच्या भाषेत त्याला मुदारबा म्हणत: रोप बाईंचं, मेहनत लॅबची. रोपं झाली तर अर्धी अर्धी. मेली तर बाईंचं रोप गेलं, लॅबची मेहनत गेली, कोणी कोणाला बोल लावायचा नाही.

हे बोलून झाल्यावर चाचा हिराबाईंच्या हातातल्या डब्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "हा सौदा बराबर नाही, मॅडम. त्यांचं एकुलतं एक जाणार. माझं काय जाणार? दोन बाटल्या खाद्य?"

त्यांची नजर गेटकडे गेली तेव्हाच मी ओळखलं की हे आता सौद्यात आपला खजूर घालणार. खजुराचंही तसंच असतं. त्याला वाढीचं एकच टोक. ते काढलं की झाड मेलं. आणि खजूर बाटलीत वाढवणं हे आमच्या कुवतीबाहेरचं काम होतं. त्याला वर्षं लागतात, आणि कापलेल्या जागेतून तपकिरी रस सुटून तोच त्या तुकड्याला मारतो. मी हे सगळं संतापून सांगितलं. बोर्ड बसवा म्हटलं. तिथेच गेटवर बोर्ड बसलं. मी नाही म्हटलं, सुरेखा नाही म्हणाली, पवारांनी तर डोक्यावरची टोपी काढून नको म्हटलं. चाचांनी मान डोलावली, बोर्डाचं मत मान्य आहे म्हणाले, आणि पवारांच्या केबिनमधून कोयता घेऊन आले.

मी मध्ये पडायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही. कोणाचं काही चाललं नसतं. त्यांनी खजुराला रोजच्यासारखा सलाम केला आणि स्वतःच्या हाताने तो बुडाशी तोडला. मग पानं छाटून गाभा सुरेखाच्या ओंजळीत दिला. हिराबाई सगळं बघत होत्या. त्यांना खजुराची गोष्ट कोणी सांगितली नव्हती, पण सलाम केलेला त्यांनी बघितला होता. त्यांनी डबा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "घ्या."

त्या दिवशी सुरेखाने केळीचा कण काढला तो मोहरीपेक्षा लहान होता. चाचा काचेबाहेर उभे होते आणि त्या दिवशी एकही खूण करत नव्हते. खजुराच्या तुकड्यांसाठी मी कोळशाची पूड घातलेलं खाद्य केलं, रस शोषला जावा म्हणून. व्हिटॅमिन सीमध्ये बुडवून ठेवलं. मला माहीत होतं ते सगळं केलं. तरी एकेक तुकडा आधी कडेने, मग आतपर्यंत तपकिरी होत गेला. केळीचा कण मात्र नुसता पडून होता, ना हिरवा ना काळा. हिराबाई दर आठवड्याला उलव्याहून रिक्षाने येत, काचेबाहेर चाचांच्या शेजारी उभ्या राहत आणि विचारत, "जागी झाली का ग बाय?" मी नाही म्हणून मान हलवायची. चाचा त्यांना झोपल्याची खूण करून दाखवायचे.

एका सकाळी तो कण एका बाजूने हिरवा दिसला. सुरेखाने बाटली काचेला लावून धरली. चाचा वाकून बघत होते, हिराबाई वाकून बघत होत्या, आणि दोघांच्या श्वासाने काच धूसर झाली म्हणून दोघं एकमेकांवर चिडले.

खजुराचा शेवटचा तुकडा त्याच सुमारास गेला. मी चाचांना कसं सांगावं याचा विचार करत होते तर तेच म्हणाले, "गेला ना? ठीक आहे. सौद्यात होता." ड्रम रिकामाच राहिला. सवयीने त्यांचा हात सकाळी अर्धा वर जायचा आणि मग खिशात जायचा. ते मला बघवत नसे.

केळीची रोपं झाली. पुण्याला तपासायला पाठवली, रोग नव्हता. ठरल्या फेऱ्यांवर आम्ही वाढ थांबवली, रोपं जाळीच्या शेडमध्ये मातीला सरावली आणि ठरल्याप्रमाणे वाटणी झाली. हिराबाईंनी आपली अर्धी भाऊबंदांना वाटली. चाचांनी आपली अर्धी त्या पांगलेल्या गावालाच उसनी दिली. एक न्यायचं, एक परत आणायचं, ते पुढच्या घराला द्यायचं. फुकट द्यायला ते तयार नव्हते. फुकट रोपाला कोण पाणी घालतं, म्हणायचे. तो करंजाड्याचा रिक्षावाला त्याच गावचा. हिराबाईंनीही आपल्या लेकीसाठी चाचांच्या वाट्यातलं एक रोप उसनं नेलं होतं.

ते फेडायला त्या आल्या आणि त्यांच्या हातात दोन मुनवे होते. पवारांनी एक घेतला. दुसरा घेईनात. हिराबाई खाली वाकल्या, दुसरा मुनवा रिकाम्या ड्रमला टेकवून उभा केला आणि चाचाला बोलवा म्हणाल्या.

चाचा आले आणि त्यांनी सुदाचं भाषण सुरू केलं. हिराबाईंनी ते पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हा सूद नाय. तुमचा खजूर मेला ना, तो सौद्यान व्हता. केली झाल्या त्या आमी अर्ध्या घेतल्या. मंग खजूर मेला तो पन अर्धा माजाच मेला."

चाचा म्हणाले की तसं ठरलं नव्हतं. खजूर त्यांनी आपल्या मर्जीने घातला होता, त्याचं नुकसान त्यांचंच. नियमाने बाईंचा त्यात वाटा नाही.

"नियम तुमच्या बँकचा," हिराबाई म्हणाल्या. "मी व्हते इथं. माज्या डोल्यादेखत कापलात. माजा वाटा मी देनार."

चाचा माझ्याकडे वळले, बोर्डाला विचारावं तसे. डोळे भरले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "मॅडम," ते म्हणाले, "दिसला." मी हो म्हटलं. हिराबाईंना कोण दिसला ते कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. त्यांना माती कालवायची घाई होती.

चाचांनी तो मुनवा त्याच ड्रममध्ये लावला. मग मोबाइलवर हिराबाईंचा फोटो काढला. त्या ड्रमशेजारी उभ्या, हात मातीचे, चेहरा वैतागलेला. तो आमच्या ऑफिसात अजून लावलेला आहे. दुसऱ्या दिवसापासून सलाम पुन्हा सुरू झाला. केळ फळली तेव्हा रमजान चालू होता. लोकांनी खजूर पुढे केले तर चाचांनी ते बाजूला ठेवले आणि त्या घडातलं पहिलं केळं सोलून रोजा सोडला.

पवारांचा नियम त्यांनी जाताना थोडा बदलला. दुसरा मुनवा आला तर थेट परत पाठवायचा नाही. आधी विचारायचं, हा नफ्याचा की नुकसानीचा. नफ्याचा असेल तर घरी, नुकसानीचा असेल तर आत. पवार अजूनही प्रत्येकाला न चुकता विचारतात. लोक गोंधळतात, हसतात आणि दुसरा मुनवा घेऊन परत जातात.